काऊन गुरुजी

काऊन गुरुजींना कुठलंही उत्तर पुरत नसे. बरोबर आलेल्या उत्तरापुढेही ते एक 'काऊन?' ठेवायचे आणि समोरचा बोलेपर्यंत सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत उभे राहायचे. आमच्या वऱ्हाडात 'का'ला 'काऊन' म्हणतात. पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत तो शब्द इतक्यांदा ऐकू यायचा, की पोरांनी गुरुजींचं खरं नाव केव्हाच बाद करून टाकलं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती शिकवायला म्हणून. पुण्यातल्या विद्यापीठाने बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांबरोबर गणिताच्या शिक्षकांसाठी उपक्रम सुरू केला होता आणि त्यावर माझी नेमणूक झाली होती. मी मूळची सुलतानपूरची, म्हणजे याच जिल्ह्यातली, पण ते मी कुणाला सांगत नसे. पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वर्गात 'काऊन' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून तो शब्द मी तोंडाबाहेर पडू दिला नव्हता. उपक्रमाच्या पहिल्याच दिवशी, शिक्षकांसमोर, अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, असं मी फळ्यावर लिहिलं आणि मागून तोच शब्द आला.

"उलटा काऊन करायचा, मॅडम?"

नियम आहे, मी म्हणाले.

"नियम तं मी बी पोरांले वीस वर्षं सांगून राह्यलो. पण काऊन?"

चहाची सुट्टी लवकर जाहीर करून मी वेळ मारून नेली.

आमच्या कामाची एक रीत होती. शिक्षकांनी मिळून एक पाठ ठरवायचा, एकाने तो वर्गात घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागे बसून पोरं काय करतात ते पाहायचं. गुरुजींनी आपला पाठ धाकट्या भावाच्या शिलाईच्या दुकानातून आणला. भावाकडून तीन मीटर कापड मागून घेतलं आणि वर्गात पसरलं. उशीच्या एका खोळीला पाऊण मीटर लागतं, तर खोळी किती? पोरांनी मोजून चार सांगितल्या. काऊन? मग एकाच मीटरचा हिशेब सुरू झाला. एक खोळ होते आणि पाव मीटर उरतं. ते पाव म्हणजे पाऊणचा तिसरा हिस्सा. म्हणजे एका मीटरमध्ये एक खोळ आणि वर तिसरा हिस्सा, चार तृतीयांश. एक मुलगी फळ्यावर लिहिलेल्या तीन चतुर्थांशाकडे पाहत म्हणाली, "गुरुजी, हे तं पाऊणच उलटं झालं." मागे बसलेल्या मला, गणितातल्या पदव्या घेतलेल्या बाईला, ते तेव्हा कळलं. मी पदराने डोळे टिपले.

संध्याकाळी भावाच्या दुकानात चहा घेताना जीभ पोळली आणि मी 'माय वं' म्हणून गेले. गुरुजी गालात हसले. "तुमी तं आपल्याच निंगाल्या," एवढंच म्हणाले. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही.

त्या पाठाची हस्तपुस्तिका निघाली. लिहिली मी. जिथे जिथे गुरुजींचं 'काऊन' होतं, तिथे मी 'असे का बरे?' घातलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. लोक गुरुजींना हसतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, पण खरी लाज माझीच होती. प्रकाशनाच्या दिवशी गुरुजींनी ती पानं उभ्याउभ्याच वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान झालं. यातले गुरुजी लय शिकलेले दिसतात." मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर पुन्हा शाळेत गेले तेव्हा वर्गातून आवाज आला, "मुलांनो, असे का बरे?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती. एरवी त्या वर्गात आपलं म्हणणं ऐकवायला ओरडावं लागायचं. व्हरांड्यात मी विचारलं, तर गुरुजी म्हणाले, "आता बाहेरचेही शिक्षक पाठ पाहायला येतील, मॅडम. नीट बोललं पाहिजे." माझ्याशीही ते पुस्तकातलं बोलत होते. चूक माझी होती, हे तिथेच सांगायला हवं होतं. मी मात्र एसटीची वेळ झाल्याचं सांगून निघाले. नव्या आवृत्तीत सगळी 'काऊन' परत घालायची आणि पुस्तिका त्यांच्या हातात ठेवायची, मग सांगायला सोपं जाईल, असं मी ठरवलं.

पुस्तिका छापून आली, त्याच आठवड्यात गुरुजी गेले. शाळेत हजेरी घेताघेता छातीत कळ आली, खामगावच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. फोनवर हे ऐकलं तेव्हा गठ्ठा माझ्यासमोर टेबलावर होता. मी त्याच्यावर डोकं ठेवून रडले.

भेटायला गेले तेव्हा भाऊ दुकानातच बसला होता. मशीन बंद होतं. मी पिशवीतून पुस्तिका काढायला गेले, तेवढ्यात तो म्हणाला,

"मॅडम, एक पुसू काय? ते पुस्तक आलं तवापासून भाई घरात बी पुस्तकावाणी बोलत होता. माझ्यासंग बी. सख्ख्या भावासंग. काऊन?"

या एका 'काऊन'चं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. माझा हात पिशवीतच राहिला.

"मले नाही माहीत, भाऊ," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी मी आपणहून वऱ्हाडी बोलले, ती खोटं बोलायला.