हमदाची विंचवाची राख

सिनाईच्या त्या दरीत हमदाच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. डोंगर तुडवायला आलेले परदेशी सकाळी बूट न झटकता पायात घालायला लागले, की ती अशी खेकसायची, की भाषा न कळताही ते मुकाट्यानं झटकायचे. वाळूतला लांब पायांचा, केसाळ उंटकोळी दिसला की किंचाळत पळायचे. "अरे, चावेल फार तर, विष नाही त्याला! भ्यायचं तर ह्याला भ्या," म्हणत ती पिवळा विंचू नांगीला धरून उचलायची.

तो भाजायचा, राख तेलात कालवायची आणि तान्ह्या बाळाला चाटवायची, हे तिचं काम. मग त्या पोराला विंचू बाधत नाही, असं दरी मानायची. आणि राख चाटवणारी त्या पोराची दुसरी आजी. ईदचा पहिला घास पोरानं तिच्याच तंबूत खायचा.

ही विद्या हमदा उशिरा शिकली. त्याआधीच तिची चार वर्षांची गालिया विंचू चावून गेली होती. दरीत जीप एकच, फर्राजची. हमदा तडफडणारी पोर घेऊन धावली, तर हा म्हणतो कसा, "परदेशी पाहुणे खोळंबलेत बाई, दुपारी बघू." दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. मेल्याला लाज नाही वाटली! तेव्हापासून फर्राजच्या घरचं एकही मूल हमदानं हाती घेतलं नाही. एकवीस वर्षं झाली, आता सोड, असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "आपल्यात चाळीस वर्षांनी सूड घेणारासुद्धा म्हणतो, जरा घाईच झाली."

यंदा फर्राजला नातू झाला आणि त्याच आठवड्यात अंथरुणात दोन पिवळे निघाले. सुनेला आणि बाळाला घेऊन फर्राज आला, डोक्याचं फडकं काढून हमदाच्या पायांशी ठेवलं.

"मला हवं ते कर, हमदा. पण ह्याला चाटव."

"आत्या, तुमच्या पाया पडते," सून रडत म्हणाली.

हमदानं बाळ मांडीवर घेतलं आणि राखेचं बोट त्याच्या तोंडात घातलं. फर्राजचा जीव भांड्यात पडला.

"अल्ला तुझं भलं करो. म्हणजे, माफ केलंस?"

"माफ करते माझं खेटर! आता हा माझाही नातू. ईदला माझ्याकडे जेवणार. बोलायला लागला की गालियाचं नाव शिकवीन, कळायला लागला की बाकीचंही सांगेन. मग घरी येऊन तो तुलाच विचारेल, आजोबा, का नाही नेलंत?"

फर्राजनं झडप घालून पोर ओढून घेऊ पाहिलं. सुनेनं त्याचा हात झिडकारला. पोरानं राख केव्हाच गिळली होती.