केळीचा पाला, लाल गाडी आणि धुळ्याचा ट्रॅक

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मी फोनवर एका अंगठ्याने टाइप करते, म्हणून हे लिहायला मला चार दिवस लागले. नववीनंतर शाळा सोडली. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाजच निघायचा नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे मला आमच्या गॅरेजमध्येच जास्त करमायचं. पण लिहायचंच असं ठरवलंय, कारण जाण्याआधी मी खूप शोधलं, आपल्या मराठीत याच्यावर कोणीच काही लिहिलेलं सापडलं नाही. कोणाला गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर न्यायची असेल तर उपयोग होईल.

आमचं गॅरेज जळगावात मेहरूणला आहे. टायर आणि अलाइनमेंट. अलाइनमेंट म्हणजे चाकं किती सरळ, किती तिरपी ठेवायची ते. मशीन माझे वडील, आबा, चालवतात. मी टायर काढते, बसवते, आणि आबा नसले की मशीनवर बसते. आमच्याकडे पारसभाऊ नावाचे गिऱ्हाईक येतात. त्यांच्या घरचं बियाणं आणि गुरांच्या ढेपेचं दुकान आहे, चार पिढ्यांपासून. त्यांनी जुनी लाल टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली. धुळ्याच्या पुढे, शिरपूरकडे जाताना वीसेक किलोमीटरवर एका शेठने प्रायव्हेट ट्रॅक बांधलाय, तिथे दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. पारसभाऊ आबांना म्हणाले, गाडी ट्रॅकसाठी तयार करून द्या.

आबा म्हणाले, कंपनीचं सेटिंग आहे ते बरं आहे. मी मागे उभी होते. सहा महिन्यांपासून मी रात्रंदिवस हेच वाचत होते, तरी तोंडातून शब्द निघत नव्हता. पारसभाऊ गेल्यावर वहीत काढलेलं सगळं आबांसमोर ठेवलं. वळणावर गाडी कलंडते, तेव्हा चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं. म्हणून आधीच चाकाची वरची बाजू आत झुकवून ठेवायची, म्हणजे वळणात पूर्ण टायर जमिनीला लागतो. कंपनीचं अर्धा डिग्री होतं. मला पुढे अडीच डिग्री आणि मागे पावणेदोन करायचं होतं. आबांनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, "कर. गाडी तुझ्या सेटिंगवर परत आली तर मशीन तुझं. सेटिंग काढून आली तर तू पंक्चरच्या बाजूला, आणि परत हा विषय नाही."

एवढंच होतं बघा. पण माझ्यासाठी ते खूप होतं.

सेटिंग करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्रायव्हर बसलेला असताना गाडी खाली दबते, मग रिकाम्या गाडीवर केलेलं माप खोटं ठरतं. पारसभाऊंना दोन तास सीटवर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या वजनाएवढी, सीटवर ठेवायला, त्यांच्याच दुकानातून सरकीच्या ढेपेची पोती मागवली. किती वजनाची पाठवू असं त्यांनी फोनवर विचारलं. त्यांच्या वजनाचं बोलायची मला लाज वाटली. आमच्या नानांनी फोन घेतला आणि सांगितलं, भाऊ, लाज धरू नका, एक पूर्ण पोतं आणि वर बऱ्यापैकी भरलेलं अर्धं. नाना म्हणजे आबांचे मोठे भाऊ. मूळ गाव धरणगावकडे, आयुष्यभर रावेर-सावद्याच्या केळीच्या गाड्या दिल्लीपर्यंत नेल्या, आता आमची पिकअप चालवतात.

टायरचं सांगते. दुकानदाराने सगळ्यात मऊ रबर घ्या म्हणून आग्रह केला. मऊ रबर चिकटतं चांगलं, पण आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटीसुद्धा दुपारी डांबर एवढं तापतं की ते पाच-सहा फेऱ्यांत संपलं असतं. मी त्याच्यापेक्षा एक नंबर कडक घेतलं. नव्या टायरवर गुळगुळीत चकाकी असते, ती मी आदल्या दिवशी बायपासवर गाडी हळूहळू चालवायला लावून घालवली. मग ते टायर काढून ठेवले आणि रस्त्याचे टायर लावले. ट्रॅकचे टायर रस्त्यावर झिजवायचे नाहीत, ते पिकअपमध्ये न्यायचे.

पहिला दिवस. सकाळी सहाला निघालो. पुढे पारसभाऊ लाल गाडीत, मागे नाना आणि मी पिकअपमध्ये. एरंडोल, पारोळा करत धुळे, रस्ता आता चौपदरी आहे, दोन तासांत होतो. फक्त गाडी बुटकी असेल तर सर्व्हिस रोडला उतरू नका, तिथले गतिरोधक नुसते ढिगारे आहेत. पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो. शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, सकाळी सातला. माणशी शंभराच्या आत पोट भरतं. पारसभाऊ कांदा-लसूण खात नाहीत, त्यांनी घरून आणलेले खाकरे खाल्ले आणि आमच्या ताटाकडे बघत बसले.

तिथे मी पिकअपच्या मागे बघितलं. चारही टायर केळीच्या हिरव्या पाल्यावर मांडलेले आणि वरून ओलं गोणपाट टाकलेलं. मी टायर उन्हात नको, एवढंच म्हणाले होते. केळीच्या ट्रकमध्ये घडांखाली घालतात तसा ताजा पाला नाना पहाटे शिवारात जाऊन कापून आले होते. ते एकदम खूश होते.

"केळीले जे चालस, ते टायरले बी चालस, पोरी," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

मलाही ते छानच वाटलं. टायर गार होते. मी नानांना शाबासकी दिली, हे मुद्दाम लिहून ठेवते.

ट्रॅक साधा आहे. दोन किलोमीटर, नऊ वळणं, बाजूला ज्वारीची शेतं. पत्र्याची शेड आहे, पाणी आहे, कॅन्टीनमध्ये पोहे आणि चहा. सावली कमी, टोपी न्या. हवा भरायचा पंप आपला न्या. हवा थंड टायरमध्ये कमी भरायची, कारण चालवल्यावर वाढते. मी सव्वीस ठेवली. नानांनी ते बघून तोंड वाकडं केलं, त्यांच्या ट्रकमध्ये याच्या चौपट असायची.

शिकवायला पुण्याचे रणजितसर होते. पहिल्यांदा रस्त्याच्या टायरवर फेऱ्या झाल्या. पारसभाऊंची चांगली फेरी एक मिनिट अडतीस सेकंदांची. मग मी ट्रॅकचे टायर बसवले. आता वेळ कमी व्हायला पाहिजे होता. पहिल्याच फेरीला चौथ्या वळणात गाडी गर्रकन फिरली आणि ज्वारीकडे तोंड करून उभी राहिली. कोणाला लागलं नाही. अजून दोन फेऱ्या केल्या, एक मिनिट एक्केचाळीस. म्हणजे साध्या टायरपेक्षा वाईट.

रणजितसर खाली बसून चाक बघायला लागले. कोणी केलं हे, असं विचारलं. पारसभाऊंनी माझ्याकडे हात केला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग पारसभाऊंशीच बोलले, की एवढं तिरपं केल्यावर गाडी घसरणारच, इथेच दोरी ताणून, माप घेऊन मी कंपनीच्या सेटिंगला आणून देतो, अर्धा तास लागेल. पारसभाऊ बिचारे घाबरलेले होते. ते मला म्हणाले, बेटा, राहू दे, सर म्हणतात तसं करू.

शाळेत व्हायचं तसंच झालं.  सर पाना घ्यायला गेले. मी काय करू कळेना, म्हणून टेंपरेचर गन काढली आणि टायर मोजले. आतली कड बावन्न, मध्ये एक्कावन्न, बाहेरची एकोणपन्नास. पुन्हा मोजले, तेच. आता हे नीट वाचा, कारण सगळं इथेच आहे. झुकाव चुकीचा असता तर एकच कड तापली असती. इथे तिन्ही सारखे होते, म्हणजे टायर जमिनीला पूर्ण लागत होता. पण तीन फेऱ्यांनंतर सत्तरच्या वर पाहिजे, तेवढे तापलेच नव्हते. म्हणजे रबर रस्त्याला धरतच नव्हतं. मी टायरवर हात फिरवला. वर धुळीचा पापुद्रा होता, चिकट, आणि माझी बोटं तपकिरी झाली. हा रंग जळगावच्या कोणत्याही पोराला कळतो. केळीचा चीक.

शंभर किलोमीटर टायर पाल्यावर हादरत आले होते. देठ चिरडले, चीक रबराला लागला, त्याच्यावर ट्रॅकची धूळ बसली.

सर पाना घेऊन आले आणि बोल्टला लावला. मी पान्यावर हात ठेवला. कसा ठेवला मलाच माहीत नाही.

"सर, सेटिंगला हात लावू नका. टायरवर चीक आहे. मी धुते. उद्या सकाळी घसरली तर मी स्वतः सेटिंग काढीन."

सर म्हणाले, "कसला चीक?"

मी बोटं दाखवली. आता पाल्याचं सांगावं लागणार होतं, आणि नाना तिथेच उभे होते, सगळ्यांसमोर. मी बोटं मिटली. नानांनी स्वतःच माझा हात धरून बघितला. केळीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना विचारायची गरज नव्हती.

"मनी चूक शे," नाना म्हणाले. "पोरीनी नई. पाला मी टाकेल शे."

मी गनवरचे आकडे सरांना दाखवले. त्यांनी स्वतः मोजले. मग पाना खिशात ठेवला आणि म्हणाले, उद्या आठ वाजता, तीन फेऱ्या. त्याच्या पुढे मी ऐकणार नाही.

दुपारभर आम्ही दोघं टायर घासत बसलो. कॅन्टीनमधून गरम पाणी, कपड्याची पावडर, काथ्याचा ब्रश, बारीक वाळू. पेट्रोल किंवा डिझेल लावू नका, रबर खराब होतं. माझा एक टायर होईपर्यंत नानांचे दोन झाले. नंतर पारसभाऊ बाह्या वर करून आले आणि पाणी ओतायला लागले. म्हणाले, दुकानात कळलं की मी टायर धुतले तर आईसाहेब मला जेवायला देणार नाहीत.

रात्री धुळ्यात बस स्टँडजवळ लॉजवर राहिलो. मला वेगळी खोली, आठशे रुपये, स्वच्छ होती. टायर नानांनी त्यांच्या खोलीत नेले, कोरड्या गोणपाटावर. मॅनेजर काहीतरी बोलत होता, नानांनी ऐकलं नाही.

दुसरा दिवस. आठ वाजता मी हवा परत सव्वीस केली आणि बाजूला उभी राहिले. पारसभाऊंना सरांनी सांगितलं की पहिली फेरी हळू, टायर तापू द्या. दुसऱ्या फेरीला चौथ्या वळणात गाडी गेली तेव्हा मी बघितलं नाही. नानांनी बघितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी डोळे उघडले, आणि गाडी पाचव्या वळणात होती. तिसरी फेरी एक मिनिट चौतीस.

गाडी आत आल्या आल्या मोजलं. आत अठ्ठ्याहत्तर, मध्ये पंचाहत्तर, बाहेर एकाहत्तर. आतली कड थोडी जास्त, चालतं. सर माझ्या वहीत बघत होते. त्यांनी विचारलं, मागे पावणेदोनच का, दोन का नाही. मी सांगितलं, मागे जास्त केलं तर ब्रेक मारताना मागचा टायर कमी लागतो. पूर्ण वाक्य बोलले, मोठ्याने. त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी लिहून घेतलं. काय ते विचारायचं राहिलं.

परत येताना टायर नुसत्या फळीवर बांधले. पारोळा आलं. तिथे नाना म्हणाले की दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी चाळीस वर्षांत माझ्या पाल्याला नाव ठेवलं नाही, या चार काळ्या चाकांनी ठेवलं. मी हसले तेव्हा तेही हसले.

गॅरेजवर पोचलो. आबांनी लगेच पारसभाऊंची गाडी मशीनवर घेतली आणि सेन्सर लावले. स्क्रीनवर आकडे आले. पुढे अडीच, मागे पावणेदोन. आबांनी आकडे दोनदा वाचले. मग उठले, त्यांचं स्टूल उचललं आणि पंक्चरच्या बाजूला नेऊन त्याच्यावर बसले. तिथून म्हणाले, आता दुसरी गाडी घे, गिऱ्हाईक थांबलंय.

काय राहिलं म्हणाल तर बोटांवरचे डाग. केळीचा डाग जात नाही, कपड्यावरून तर कधीच नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट अजून तपकिरी आहे. आज सकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, अलाइनमेंट कोण करतं इथे. मी तेच बोट वर केलं.

थांबा, दीपनगरहून, भुसावळजवळच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून, मावशीचा फोन आलाय. त्यांच्या क्वार्टरच्या मागे बिबट्या दिसलाय आणि सगळे दारं लावून बसलेत, म्हणून लिहिणं इथेच थांबवते.