अकरा फुल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला माझं बहुतेक सगळं ठाऊक असतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही भास्करला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. राहुरीजवळच्या आमच्या गावात वाचनालयाचं भित्तिपत्रक निघायचं, आणि ते लावायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक लेखाखाली एक कोरा कागद. आवडलं तर बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली. दहाच्या वर फुल्या गेल्या की लेख उतरवायचा. आता फुली म्हणजे काय, यावर आमच्यात सदा वाद. गुरुजी म्हणत, मत पटलं नाही. ग्रंथपाल म्हणत, लिहिणं भिकार.

भास्कर माझा जिवलग. अजूनही वांगी निघाली की पहिली पिशवी माझ्या दारात आणून ठेवणारा. त्याने जन्मात एकच लेख लिहिला — आईच्या हाताला येणाऱ्या कांद्याच्या वासावर. ती दिवसभर लोकांच्या रानात कांदे कापायची, तो वास संध्याकाळी भाकरीला लागायचा, आणि त्याला तीच भाकरी गोड लागायची. एवढंच. शेजारी माझा लेख होता — 'ग्रामविकास आणि युवक'. दोन्ही शेजारी लावले आणि मला कळून चुकलं. असं मला कधीच लिहिता येणार नव्हतं.

मग मी — कसं सांगू? कांदे काढणीचे दिवस, वाचनालयात चिटपाखरू फिरकत नव्हतं. तीन दुपारी मी एकटाच गेलो. कधी पेन, कधी पेन्सिल, कधी डावा हात. अकरा फुल्या. नियमाप्रमाणे लेख मीच उतरवला.

तो खचावा असं मला वाटत होतं का? हो, वाटत होतं. पण त्याने फुल्यांचा कागद मागून घेतला आणि हसून म्हणाला, "न वाचता कोन फुली मारतंय व्हय? अकरा जनांनी माझ्या आईचं वाचलं की."

पुन्हा मात्र त्याने लिहिलं नाही.

परवा त्याने पेटीतून तोच कागद काढून लेकीला दाखवला. "तुझ्या आजीचं अकरा जनांनी वाचलं हुतं. इचार काकाला." पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

वाचणारा एकच होता. त्याने तो लेख चारदा वाचला होता, आणि त्याला तो फार आवडला होता.