पुढचा शाफ्ट आणि सुमनचा फॉर्म

आमच्या जीपची चारही चाकं फिरायची, पण जोर लावायची फक्त मागची दोन. ही गोष्ट साऱ्या जिल्ह्यात दोघांनाच ठाऊक होती. एक मी आणि दुसरा वारंगा फाट्यावरचा रशीद मिस्त्री. गावाला, भावकीला आणि माझ्या बायकोला, सुमनला, मी छाती फुगवून सांगून ठेवलं होतं की आपली गाडी फोर बाय फोर आहे. मागच्या फळीवर लाल रंगात तसं लिहूनही घेतलं होतं (पेंटरनं हौसेनं दोन्ही बाजूंना मोर काढून दिले, ते फुकट).

आता मी काही जन्मजात लबाड नाही हो. सरकारी लिलावात घेतली तेव्हा गाडी खरोखरच चारही चाकांनी ओढायची. आमचं गाव फाट्याकडं जाणाऱ्या पक्क्या सडकेपासून चार किलोमीटर आत. मधे काळ्या मातीची पांदण आणि एक नाला. पावसाळ्यात त्या पांदणीत पाय टाकला की चप्पल तिथंच राहायची आणि आपण पुढं जायचो. म्हणून मी घरची बैलजोडी विकली आणि जीप आणली. मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा लिव्हर होता. तो ओढला की पुढची चाकंसुद्धा कामाला लागायची. नवी सून बघायला यावीत तशी माणसं तो लिव्हर बघायला येत होती!

पण डिझेल! पंपावरचा माणूस मला लांबून बघूनच नळी हातात घेऊन उभा राहायचा. शेवटी रशीद मिस्त्रीकडं गेलो.

"मिस्त्री, अॅव्हरेज वाढवा कायबी करून."

मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "भाऊ, सामने का शाफ्ट खोल देतूं. आधा डिझेल वोच पीरा."

"आन् मग फोर बाय फोर?"

"लिव्हर रहता ना! दिखाने को लिव्हर बस है. नीचे झाँकता कौन?"

हे पटायला मला पुरतं एक मिनिटही लागलं नाही, यावरून माझा स्वभाव ध्यानात यावा. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा तो लोखंडी दांडा मी पोत्यात गुंडाळून घरी आणला. "जादाचा पार्ट हाय, नीट ठेव," म्हणून सुमनच्या हवाली केला आणि विसरून गेलो.

तिथून माझी खरी तकलीफ सुरू झाली. गाव मला विसरू देईना. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी चिखलात रुतलेलं. "भाऊ, ट्रॅक्टर फसला, जरा वढून द्या की." मग मी कधी म्हणायचो ऑईल बदललंय, कधी म्हणायचो क्लच गरम आहे, एकदा तर म्हणालो आज गाडीचा उपास आहे (त्या माणसानं मान डोलावली, ही आमच्या गावाची भाबडी श्रद्धा). एकदाच ओढलं, तेही पक्क्या सडकेवर बंद पडलेला बँडवाल्यांचा टेम्पो. सडक कोरडी, टेम्पो हलका. मी मोठ्या थाटात छोटा लिव्हर ओढला आणि टेम्पो निघाला. बँडवाल्यांनी खुशीत येऊन तिथंच दोन गाणी वाजवली. त्या दिवसापासून वारंग्यापासून कुरुंद्यापर्यंत माझं नाव झालं!

अशातच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डाची जागा बायांसाठी राखीव झाली. आमच्या आळीत हापसा नव्हता. बाया नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी वाहायच्या. सुमन त्यांच्यात पुढं होऊन बोलायची, म्हणून सगळ्याजणींनी तिलाच उभं राहा म्हटलं. सुमन सातवी शिकलेली. तिनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आठ दिवस पूर्ण नावाची सही गिरवली. मी बघितलं की पदराखाली झाकायची. तिला ती जागा मनापासून पाहिजे होती, आणि ती मागून मागून काय मागत होती, तर दारात पाणी.

समोरून उभी राहणार होती आमची चुलत वहिनी, वच्छलावहिनी. म्हणजे तिला उभं करत होता माझा चुलत भाऊ गंगाधरदादा. त्याचं-माझं बांधावरच्या एका बाभळीवरून तीन वर्षं बोलणं बंद. जावाजावांचं मात्र भिंतीवरून विरजणापासून लोणच्यापर्यंत सगळं चालू होतं, फक्त आम्ही दोघं घरी नसताना.

"फॉर्म लवकर भरून टाकू," सुमन म्हणाली. "पाऊस लागून राहिलाय. उशीर काहून करायचा?"

"अगं, फोर बाय फोर काहून घेतली मग? शेवटच्या दिवशी शेवटच्या घटकेला नेऊन सोडतो तुला तहसीलला!"

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी पोळा आला. अमावस्या! अमावस्येला फॉर्म कोण भरतो? तेव्हा एकच दिवस उरला. बैल तर विकलेले, म्हणून मी पोळ्याला जीपच सजवली. बॉनेटला बाशिंग, टपावर झूल, आरशांना गोंडे. सगळ्यांच्या बैलांमागून जीप मारुतीच्या देवळापुढं नेली. सुमननं तिला ओवाळून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. गंगाधरदादा माझ्याशी बोलत नव्हता, म्हणून मारुतीकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आता हिला येसण कुठं घालावी?" सारं गाव हसलं. मीही हसलो, कारण मला उद्याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता निघालो. फॉर्म घ्यायची मुदत तीनपर्यंत. सुमन नवी मोतिया रंगाची साडी नेसून, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून बसली होती. बॉनेटवरचं बाशिंग तसंच होतं (शुभ असतं!). तीन दिवस पावसानं पांदणीचा लगदा केलेला. नाल्यापर्यंत गाडी कशीबशी आली. नाल्यात उतरली आणि म्हैस डबक्यात बसावी तशी बसली.

"लावा की तुमचा लिव्हर," सुमन म्हणाली.

मी लावला. काय करणार? मागची चाकं भिंगरीसारखी फिरली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. मी दगड लावले, पोती टाकली, बाभळीचे फाटे तोडून घातले. शेवटी मी जे बोललो ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. मी म्हणालो, "सुमन, उतरून जरा मागून धक्का दे बरं."

तिनं पिशवी सीटवर ठेवली, साडी खोचली आणि धक्का दिला. मी अॅक्सिलेटर दाबला. मागं बघतो तर मोतिया साडी कुठंच नाही! तिथं पायापासून केसापर्यंत काळ्या मातीची एक मूर्ती उभी होती, आणि तिचे दोन डोळे माझ्याकडं बघत होते. सुमन भांडली तर मला काही वाटत नाही. गप्प राहिली की मला घाम फुटतो.

ती गप्पच पुढं आली. वाकली. पुढच्या चाकाकडं बघितलं.

"हे पुढचं चाक फिरूनच न्हाई राहिलं."

"त्याचं काय हाय..."

तिनं आणखी वाकून गाडीखाली बघितलं. "इथं खाली कायतरी असाया पायजे ना, हिकडून तिकडं जोडणारं?"

मग मी सगळं सांगून टाकलं. मिस्त्री, शाफ्ट, अॅव्हरेज, सगळं.

"म्हंजी तो जादाचा पार्ट?"

"व्हय."

"जो मी गोठ्यात ठोकलाय, म्हैस बांधायला?"

माझी मान खाली गेली. म्हैस तीन म्हशींच्या ताकदीची होती, पण दीड वर्षात तिनं तो खुंटा हलवला नव्हता. पार्ट चांगलाच होता म्हणायचा. सुमन मात्र रडायच्या बेतात आली. "तुमच्या भरवशावर थांबले मी," एवढंच म्हणाली. मला इतकी लाज वाटली की नाल्यात आणखी खोल जागा असती तर मीच जाऊन बसलो असतो.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. गंगाधरदादाची बैलगाडी! अमावस्येमुळं तोही आजच फॉर्म भरायला निघालेला. वच्छलावहिनी गाडीत. बैलांच्या शिंगांचा रंग कालचाच, ताजा. आणि नाल्यातून जायला वाट एकच, तिच्यात माझी जीप बाशिंग बांधून बसलेली.

दादानं तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलायला तोंड उघडलं. "बाजूला घे की! फोर बाय फोर हाय ना?"

"दादा, जरा बैल लाव. वढून दे."

"माझे बैल? कालच पोळा झाला त्यांचा! आन् तुझी बाई माझ्या बाईच्या विरोधात. मी काहून वढू?"

"न्हाई वढली तर तुझी गाडी तरी कशी जाईल?"

हे त्याला बराबर पटलं. पण पटलं म्हणून ओढेल तर तो दादा कसला. "वढतो. आधी कबूल कर, बांधावरची बाभळ माझी."

"बाभळ माझ्या बाजूला झुकलीये!"

"झुकली म्हनून तुझी? मूळ बघ मूळ!"

"मोजणी आण!"

"तू आण!"

तिकडं वच्छलावहिनी गाडीतून उतरली. आपल्या पदरानं तिनं सुमनचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "भावजी, बायकोला काहून चोपडलं वो असं? निवडणुकीत हळदीकुंकू लावतात, चिखल न्हाई." मी बाभळीच्या मुळाशी इतका गुंतलो होतो की उत्तर द्यायलाही वळलो नाही.

बाभळीची शेंग, बाभळीचा डिंक, बाभळीची सावली कोणत्या वेळेला कोणाच्या रानात पडते, हे सगळं होऊन शेवटी "डिंक अर्धा अर्धा" यावर मिटलं. दादानं बैल सोडून आणले, मी कासरा बंपरला बांधला, आणि मग आम्ही दोघांनी एकदमच वर बघितलं.

"सुमन?"

"वच्छला?"

सीटवरची पिशवी नव्हती. नाल्यापलीकडं, पांदणीच्या पार टोकाला, एकमेकींचा हात धरून दोन बाया चालल्या होत्या. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, चपला हातात. बघता बघता त्या सडकेला लागल्या, एक काळी-पिवळी जीप थांबली आणि दोघींना घेऊन गेली. आम्ही दोघं कासरा हातात धरून उभे.

मग गाडी काढणं आलं. पहिल्यांदा कासरा तुटला. दुसऱ्यांदा बैल बाशिंगाला बुजून उलटे फिरले. तिसऱ्यांदा दादा बैलांच्या कानात काय बोलला देव जाणे, ते जीव खाऊन ओढायला लागले आणि जीप भसकन बाहेर आली. मी सवयीनं छोटा लिव्हर ओढलेलाच होता. दादानं ते बघितलं. बैलांची पाठ थोपटताना माझ्याकडं बघून थोपटली. बैलांना त्यानं घराकडं तोंड करून सोडून दिलं (ते वाटेला लागलेसुद्धा, त्यांना मुदत नव्हती) आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या जीपमध्ये बसला.

कळमनुरीच्या तहसीलला पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. दार बंद. बाहेर चहाच्या टपरीवर दोघी जावा भजी खात बसलेल्या. सुमनच्या अंगावरची माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या, पण चेहरा असा खुलला होता की मी तसा लग्नातही बघितला नव्हता.

"भरला?" मी विचारलं.

"भरला. पूर्ण नावाची सही केली. एकदापन अडखळले न्हाई."

"आन् तू?" दादानं वहिनीला विचारलं.

"मी कशाला भरू? मी हिची सूचक झाले. सूचक व्हायचे ते भावजी तुमच्यासंगं बाभळ मोजून राहिलते."

"अगं पण आपलं ठरलं होतं..."

"तुमचं ठरलं होतं. मला कुणी इचारलं? मिटिंगमधी बोलायचं तर सुमनच पायजे. माझं सगळं बोलणं घरी तुमच्यापायीच सरून जातं. हापसा दोन्ही दारांच्या मधे बसवायचा, एवढं वाटंत ठरलंय आमचं." एवढं बोलून तिनं दादापुढं भज्यांची पुडी सरकवली. दादानं एक भजं घेतलं आणि बराच वेळ ते एकच चावत बसला.

दुसरा कुणाचा फॉर्मच नव्हता. सुमन बिनविरोध आली!

गावानं मिरवणूक काढायची ठरवली. मी पहाटेच उठून जीप धुतली, नवे हार आणले. पण सुमन म्हणाली, "मी वच्छलाअक्कासंगं बैलगाडीत बसनार." आणि बसली. पुढं वाजंत्री, मग बैलगाडी, गाडीत गुलालानं माखलेल्या दोघी जावा, कासरा दादाच्या हातात. मी आपला मान राखायला जीप घेऊन मागं लागलो. बैलांच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीला अगदी चिकटून.

मारुतीच्या देवळापाशी एक म्हातारी ओट्यावर बसली होती. नजर जरा अधू, पण नाल्यातली गोष्ट कानावर आलेली. तिनं डोळ्यावर हात धरून आधी बैल बघितले, मग बैलगाडी बघितली, मग मागून सरकत येणारा मी बघितला आणि शेजारणीला कळवळून म्हणाली, "अगं बाई, ह्याला अजून वढूनच आणून राहिले का?"