नववी ब सकाळी भरते

“शेजारच्या गावातून थोड्या मुली आणून बसवू. तपासणी झाली की जातील परत,” तात्या म्हणाले.

तात्या आमच्या संस्थेचे सचिव. मी त्यांच्या सांगलीतल्या मुलींच्या हायस्कूलची मुख्याध्यापिका. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि आमची नववी ब ही तुकडी जाणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे थोडं समजावून सांगावं लागतं. सरकार शाळेला शिक्षक देतं ते पटावर. पट म्हणजे वर्गातली मुलं; अधिकारी तपासणीला येऊन ती मोजतात. मुलं कमी झाली की तुकडी तुटते, तुकडी तुटली की एक शिक्षक सरप्लस होतो. जो सगळ्यात शेवटी लागला, तो आधी. मग जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे त्याला पाठवतात.

आमच्याकडे शेवटी लागलेल्या म्हणजे मुलाणी बाई. गणित शिकवायच्या. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलींना घेऊन व्हरांड्यात बसायच्या. त्यांना तशी कुणी ऑर्डर दिली नव्हती. त्या गेल्या असत्या तर दोन्ही तुकड्या एका वर्गात कोंबाव्या लागल्या असत्या. कच्च्या मुलींकडे मग कोण बघणार?

मी तात्यांना म्हटलं, “आणलेल्या मुली परत गेल्यावर मी वर्षभर शिकवू कुणाला?”

“बाई, शिकवायचं नंतर. आधी पोस्ट वाचवा.”

“तपासणीपर्यंत मला माझ्या पद्धतीनं करू द्या.”

“बघा काय ते,” म्हणत ते उठले. मी तो होकार धरला.

माझी पद्धत कोणती, हे मलाही ठाऊक नव्हतं. मुलाणी बाईंनीच विषय काढला. “मॅडम, आठवीत माझ्यासमोर बसणाऱ्या बऱ्याच मुली नववीत आल्याच नाहीत. त्या पास झाल्या होत्या.”

“लग्नं झाली असतील.”

“सगळ्यांची?”

रविवारी यार्ड बंद होतं, तेव्हा दुपारी आम्ही दोघी मार्केट यार्डामागच्या वस्तीत गेलो. पहिलंच घर संगीताचं. ती दारात धाकट्या भावाला भरवत होती. आम्हाला बघून आत पळाली. तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली.

“शाळेला नावं न्हाई ठेवत आमी,” ती म्हणाली. “पर सौदं दुपारी सुटत्यात. मग माल वखारीत येतो. तवा मी हळद निवडायला जाते. ह्याला कुणी बघायचं?”

“आणि सकाळी?” मुलाणी बाईंनी विचारलं.

“सकाळी मी घरातच असते की.”

पुढच्या घरांतून थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळालं. आमची शाळा अकरा ते पाच. या मुलींना मोकळीक सकाळी. एवढं साधं होतं, आणि इतकी वर्षं आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

मी स्टाफ मीटिंग घेतली. नववी ब सकाळी सातला भरवू, असं सांगितलं. विज्ञानाचे सर आष्ट्याहून यायचे. “मॅडम, माझी एसटी पोचेपर्यंत तुमचा दुसरा तास संपेल,” ते म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं.

“पहिले दोन तास माझे लावा,” मुलाणी बाई म्हणाल्या. “सरांचे शेवटी घाला.”

टाइमटेबल असं जुळलं. मुली येऊ लागल्या. सगळ्या आल्या नाहीत. दोघींची लग्नं खरंच झाली होती. संगीता पहिल्या आठवड्यात मान वर करत नव्हती. बाई तिला फळ्याजवळ बोलवायच्या, खडू हातात द्यायच्या आणि स्वतः बाजूला उभ्या राहायच्या.

तपासणीला अधिकारी आले तेव्हा वर्ग भरलेला होता. त्यांनी मुलींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“गेल्या वर्षी तुमचा पट घसरत होता. अचानक एवढ्या मुली? कुठून आणल्या?”

“घरून,” मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी संगीताला उभं केलं आणि फळ्यावरचं अर्धवट गणित सोडवायला सांगितलं. तिनं खडू घेतला, तीन ओळी लिहिल्या आणि थांबली.

“पुढचं येत नाही?”

“न्हाई सर. बाईंनी हितंपातूरच शिकिवलंय. फुडचं उद्या हाय.”

त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीची वही बघितली. मग मागच्या बाकावरची. सगळ्यांचं गणित त्याच ओळीला थांबलं होतं. उसनी आणलेली मुलगी हुशार असू शकते, पण वर्ग कुठे थांबलाय हे तिला ठाऊक नसतं. साहेबांनी डोकी मोजली आणि चहा न घेता गेले.

तुकडी राहिली. मुलाणी बाई राहिल्या. तात्या नंतर इतर संस्थाचालकांना सांगायचे, सकाळचा वर्ग ही आपलीच कल्पना. मी कधी आडवी आले नाही; त्यामुळे पुढच्या वर्षी परवानगी मागावी लागली नाही. काही मुली दिवाळीनंतर पुन्हा गळाल्या. संगीता दहावीला गणितातच नापास झाली आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली.

नोकरीभर मी पटावर पुष्कळ भाषणं ऐकली. माझा अनुभव एवढाच, की मूल शाळेत का येत नाही हे त्याच्या घरी जाऊन विचारलं तर बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं. अवघड असतं ते त्यानंतर स्टाफरूमला सकाळी सातला उठवणं.