कैद्याच्या हातातला मग

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो, हॉस्टेलवर राहायचो. वर्गातला माझा सगळ्यात जवळचा मित्र माधवनगरचा. त्याच्या अमेरिकेतल्या मामानं त्याला एक खेळ पाठवला होता. दोन-तीन पातळ पुस्तकं आणि तऱ्हेतऱ्हेच्या पैलूंचे फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण पुढं काय करणार ते बोलायचं. जमलं का फसलं, ते फासे ठरवणार.

दर रविवारी दुपारी आम्ही चार-पाचजण त्याच्या माडीवर जमायचो. गोष्ट तोच सांगायचा. परदेशी किल्ल्यांचे त्यानं आपले डोंगरी गड करून टाकले होते. मी वाटाड्या व्हायचो. त्याला नाद होता तो वस्तूंचा. वडील गिरणीत असल्यामुळं कापडाचे तुकडे मिळायचे, त्यावर नकाशा काढून तो चहाच्या पाण्यात बुडवायचा आणि कडा जाळायचा. खिडक्यांवर चादरी बांधून कंदील लावायचा. तळघराचा वास यावा म्हणून ओली पोती अंथरायचा. "हातात वस्तू दिली की माणूस खेळतोय हे विसरतो," असं त्याचं म्हणणं. खरंच विसरायला व्हायचं. मला ते फार आवडायचं.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला. गेला असं कुणी सांगितलं नाही, आहे असंही नाही. कॉलेजात हे फक्त या मित्राला ठाऊक होतं. कृष्णेच्या घाटावर बसून एकदा मी त्याला सगळं सांगितलं होतं. शेवटच्या रजेत भाऊ मला पोहायला शिकवत होता. गावाजवळच्या वडूजच्या स्टँडवर एसटीत चढताना तो म्हणाला, "मी येईस्तवर हिरीत एकटा उतरू नगंस." त्यानंतर मी विहिरीत उतरलोच नाही, हेही सांगितलं.

दिवाळीत मित्र माझ्याबरोबर गावी येऊन गेला. आईला तो आवडला. पुढं वडूजकडं कुणाच्या लग्नाला निघाला तेव्हा म्हणाला, "आईंना भेटून येतो." मला बरंच वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी आमची टोळी गोष्टीतल्या तळघरात एका कैद्याला सोडवायला उतरली. कैदी मित्रच झाला होता. घोंगडं पांघरून कोपऱ्यात बसलेला, पुढ्यात पाण्यानं भरलेला इनॅमलचा पांढरा मग. वाटाड्यानं त्याला पाणी पाजायचं होतं. मी मग उचलला आणि बोटांना तळाला काहीतरी खरबरीत लागलं. खिळ्यानं कोरलेला नंबर. माझ्या भावाचा, फौजेतला; शेवटच्या रजेत तो हा मग घरीच ठेवून गेला होता.

मी काही बोलणार तेवढ्यात घोंगड्याखालून आवाज आला, आमच्या बोलीत, "मी येईस्तवर हिरीत एकटा उतरू नगंस."

मग एकजण म्हणाला, "वा. काय आवाज काढलास."

मी मगातलं पाणी पोत्यावर ओतून दिलं.

"हा कुठनं आणलास?"

त्यानं घोंगडं बाजूला केलं. तो हसत होता. "आईंनी दिला."

"काय सांगून?"

"खोटं नाही बोललो रे. त्याला शोधायला हा मग लागतोय म्हणालो. कैद्याला आपण शोधतच होतो ना?"

मी मग घेऊन जिना उतरलो आणि सांगलीच्या रस्त्याला लागलो. तोवर भावाचं ते वाक्य मला त्याच्याच आवाजात ऐकू यायचं. त्या दुपारनंतर आधी मित्राचा आवाज येतो, आणि भावाचा कसा होता ते आठवायला लागतं.

शनिवारी तो मग घेऊन गावी गेलो. आई दारातच उभी होती.

"काय लागला का पत्ता?"

"न्हाई आये. त्यो मग खेळासाठी न्हेला हुता त्यानं."

"कसला खेळ?"

मी जमेल तसं समजावलं. गड, तळघर, कैदी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आन् खेळात सुटला का त्यो?"

"मी मधनंच उठलो."

ती चुलीतली राख घेऊन मग घासायला बसली. म्हणाली, "त्या पोराला आता घरला आणू नगंस."

माडीवर मी पुन्हा गेलो नाही. बाकीचे जात राहिले. परीक्षेच्या आधी मित्रानं मला वर्गाबाहेर गाठलं. "चुकलं माझं," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पण खरं सांग, त्या दिवशीइतका खेळ कधी रंगला होता का?"

मी आत जाऊन माझ्या बाकावर बसलो.