रेषेच्या अलीकडे राहिलेला पाय

बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरताच होता. मुलाने हिमाचलातली मुलगी पसंत केली आणि आमच्या ग्वाल्हेरातल्या मुरारच्या घरी हिवाळ्यातल्या दुपारी टीव्हीवर पांढरे डोंगर दिसू लागले. माझी सून लग्नाआधी स्कीच्या शर्यतींत उतरत असे. आता तिची धाकटी बहीण उतरते. तिची परदेशात शर्यत असेल त्या दिवशी आमच्याकडे जेवणे लवकर आटोपतात.

या शर्यतीला जायंट स्लॅलम म्हणतात. उतारावर लाल आणि निळ्या फडक्यांची दारे आळीपाळीने रोवलेली असतात. मुलींनी प्रत्येक दारातून वळत खाली यायचे, असे दोनदा. दोन्ही फेऱ्या मिळून सर्वांत कमी वेळ घेणारी जिंकते. दुसऱ्या फेरीसाठी दारे नव्याने रोवतात. त्यांतून सराव करू देत नाहीत, फक्त कडेकडेने जाऊन पाहू देतात. म्हणजे प्रश्नपत्रिका दर वेळी नवी, आणि ती फुटली तरी सर्वांसमोर सारखीच फुटलेली. ही तरतूद मला इतकी आवडली की आपल्याकडच्या परीक्षा घेणाऱ्यांनी तिचा अभ्यास करावा, असे पत्र मी एका वृत्तपत्राला लिहिले होते. त्यांनी ते छापले नाही. का छापले नाही, हे विचारणारे दुसरे पत्रही छापले नाही.

त्या दुपारी सुनेच्या बहिणीची संघातली जागा पणाला लागली होती. आधीच्या दोन शर्यतींत ती मध्येच पडली होती. याही वेळी निकालात नाव आले नाही तर उरलेल्या मोसमासाठी घरी जावे लागेल, असे प्रशिक्षकाने तिला बजावले होते. युरोपातली ती शर्यत लहान, तिचे चित्रण एकाच कॅमेऱ्याचे, तेही खालून आणि लांबून. हिमवर्षाव झाला की विहीणबाईंकडे इंटरनेट जाते; म्हणून माझी पत्नी टीव्हीसमोर फोन धरून त्यांना पाठवायला त्यांच्या मुलीची फेरी चित्रित करीत होती. दौलतगंजातल्या बहिणीला मालिकांचे चुकलेले भाग ती याच पद्धतीने पाठवते.

मुलगी सुटली. वरची दारे तिने सफाईने काढली. मधल्या एका लाल दाराशी ती इतकी आडवी झाली की तिचा हात बर्फाला टेकला. क्षणभर पांढरा धुरळा उडाला, पण ती त्यातून उभी राहिली आणि खालपर्यंत आली. सुनेने रोखलेला श्वास सोडला. थोड्याच वेळात पडद्यावर मुलीच्या नावापुढे ती अपात्र ठरल्याची खूण उमटली.

“हे कोणी ठरवलं?” मी विचारले.

“गेटजवळ जज उभा असतो, बाबा. गेट चुकलं असं त्याने लिहिलं असणार.”

“म्हणजे साक्षीदारही तोच आणि निवाडा देणाराही तोच? तिची बाजू कोणी ऐकली?”

“वरती ज्युरी असते ना. प्रोटेस्ट देता येतो. पण पंधरा मिनिटांत.”

आयुष्यभर मी ग्वाल्हेरच्या न्यायालयांत वकिली केली. बाजू न ऐकता दिलेल्या निर्णयाने माझ्या मस्तकात आग उसळते, मग तो निर्णय नळजोडणीचा असो की बर्फाचा. मी कागद मागवले. प्रथम कच्चा मसुदा, मग दुरुस्त्या, मग साफ प्रत. या तीन पायऱ्यांशिवाय माझ्या टेबलावरून कागद कधी हललेला नाही. ‘अर्जदार ही’ इथपर्यंत मी आलो होतो.

“अहो, तुमचा अर्ज पुरा होईपर्यंत तिथला बर्फ वितळेल,” पत्नी म्हणाली.

तोवर सुनेने प्रशिक्षकाला फोन लावला होता. ते गृहस्थ कचरत होते. “छोटी टीम है, जज से लड़ना अच्छा नहीं लगता,” असे त्यांचे म्हणणे कानी येताच मी फोन घेतला.

“लड़ना नहीं है, पूछना है. पूछने का हक़ नियम ने दिया है.”

“ठीक है साहब, पर कुछ वीडियो तो चाहिए. है आपके पास?”

होता. आम्ही तिघे पत्नीच्या फोनवर वाकलो. सुरुवात स्वच्छ, वरची दारे स्वच्छ. लाल दार जवळ आले, मुलगी आडवी होऊ लागली आणि चित्रात आमचा पंखा आला. पंख्यामागून सतरंजी आली, सतरंजीवर पत्नीच्या पायांची बोटे. फोन पुन्हा टीव्हीकडे वळला तेव्हा मुलगी खाली पोहोचली होती.

“अगं, नेमकं हेच कसं गेलं?”

“पोरगी पडत होती. हात जोडू नको तर काय करू?”

“एका हाताने जोडायचे.”

“देवाला एका हाताने नमस्कार करतात का कधी?”

नियम नेमका काय, हे मी सुनेला विचारले. तिने टेबलावर दोन पेने उभी धरली. दाराच्या दोन खांबांमध्ये एक रेषा मानायची. दोन्ही स्कींची टोके आणि दोन्ही पाय त्या रेषेपलीकडे जायला हवेत. धक्क्याने खांब पडला, तर? “खांब पडू दे, बाबा. रेषा तिथेच असते.” संतापात असूनही हे वाक्य मी समोरच्या कच्च्या मसुद्याच्या समासात उतरवून घेतले. नजरेला न दिसणारी सीमा इतक्या चोख शब्दांत बांधलेली मी आमच्या जमीन कायद्यातही पाहिलेली नाही.

तेवढ्यात प्रशिक्षकाने फोन त्या मुलीच्याच हाती दिला. पलीकडे वारा घोंघावत होता. अशिलाला विचारावे तसे मी विचारले, “बेटा, दोनों पैर निकले थे?”

ती म्हणाली, “नहीं, अंकलजी. बायाँ पैर लाइन के इसी तरफ़ रह गया था.”

“पक्का?”

“पक्का. जज सामने ही खड़ी थी, उसने ठीक लिखा है. मैं गिरते-गिरते बची तो लगा, बस नीचे पहुँच जाऊँ.”

इतक्या वर्षांच्या वकिलीत पहिल्याच प्रश्नाला स्वतःविरुद्ध उत्तर देणारा अशील मला भेटला नव्हता. माझ्या रागाला आता प्रतिवादीच उरला नाही. उरले ते कुतूहल. मी विचारले, एवढ्या वेगात स्वतःचा पाय दिसतो तरी कसा?

“दिखता नहीं, अंकलजी. पता चलता है. नज़र तो अगले गेट पर रहती है.”

आणखी बरेच विचारायचे होते. पण सुनेने फोन काढून घेतला. “बाबा, तिला थंडी वाजत असेल.” ती फोन घेऊन अंगणात गेली. बहिणी आपल्या पहाडी बोलीत बराच वेळ बोलल्या, त्यातले मला काही कळले नाही. मुदत सरली. प्रोटेस्ट गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला घरी पाठवत असल्याचे कळले. एवढ्या सचोटीची संघाने दखल घ्यायला हवी, असे प्रशिक्षकाला खरमरीत लिहावे म्हणून मी बसलो. सून समोर येऊन उभी राहिली.

“खरं बोलली म्हणून जागा मागायची का, बाबा? गेटमधून तर ती गेलीच नाही.”

मी पेन खाली ठेवले.

मोसमाच्या अखेरीस तिकडे हिमाचलात संघनिवडीची खुली चाचणी होते. संघातली असो वा नसो, कोणीही उतरावे, घड्याळ सांगेल तो निकाल. सुनेने सासूला विचारले, “आई, मी महिनाभर जाऊन तिची तयारी करून घेऊ?”

“जा ना. घरचं आम्ही बघू,” पत्नी म्हणाली, आणि मुलाला माळ्यावरचे खोके उतरवायला सांगितले.

खोक्यातून सुनेचे जुने बूट निघाले. दगडासारखे टणक, नाड्यांऐवजी कड्या असलेले. ती सतरंजी बाजूला सारून फरशीवर बसली, कड्या एकेक करून आवळल्या आणि उभी राहिली. त्या बुटांत सरळ उभेच राहता येत नव्हते. तिचे गुडघे आपोआप पुढे झुकले, आणि आमच्या बैठकीत ती एकदम उतारावर असल्यासारखी दिसू लागली.

“असं का झुकावं लागतं?” मी विचारले.

“मागे रेललं की स्की ऐकत नाहीत, बाबा.”

“उतारावर तर माणूस भीतीने मागेच रेलणार.”

“हो ना,” ती म्हणाली. “तेच शिकवायला जातेय.”